सेल्वीचा चेहरा

यमुनाक्का,

कॉलेजनं माझ्याकडे तुमच्याबद्दल दोन पानं मागितली आहेत. इंग्रजीत, शोकसभेत वाचायला. मी रोज सकाळी टेबलाशी बसते, पहिलं वाक्य लिहिते आणि खोडून टाकते. आपण दोघी एकमेकींशी इंग्रजीत कधी बोललोच नाही. भांडलो तेसुद्धा मराठीत, तुमच्या तंजावरी आणि माझ्या मिरजेच्या. सभेसाठी दुसरं कोणीतरी लिहील. मला जे सांगायचंय ते सभेत वाचण्यासारखं नाही, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

मी पहिल्यांदा तुमच्या दारात आले तेव्हा तुम्ही हयात आहात हे कळून मला जेमतेम एक दिवस झाला होता. कॉलेजच्या मागच्या बाजूला तो जुना उघडा रंगमंच होता, एक चौथरा आणि त्याच्या पाठीशी लांबलचक भिंत. भिंतीवर तुमचं चित्र. बंदर आणि वीजकेंद्राच्या चिमण्या येण्याआधीचा, चेन्नईच्या उत्तरेकडच्या एन्नोरचा किनारा, जाळी ओढणारे पुरुष, टोपल्या घेतलेल्या कोळिणी, आणि मधोमध कमरेवर टोपली धरून उभी असलेली, गोऱ्या गोल चेहऱ्याची, हसरी बाई. त्या जागी नृत्य, नाटक, संगीतासाठी नवी इमारत बांधायची होती आणि भिंत तशीच राखायची होती. काम आम्हा वास्तुरचनाकारांच्या छोट्या ऑफिसला मिळालं. कॉलेजच्या कागदांत 'ऐतिहासिक भित्तिचित्र' असं लिहिलं होतं, त्यामुळे चित्रकार आता नसणार असं मी धरूनच चालले होते. मग ग्रंथालयातल्या बाई सहज म्हणाल्या, "त्या टीचर ना? अण्णा नगरला असतात, भाचीकडे."

मी तुम्हाला कागदावरचा तो शब्द वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही केवढ्या हसलात.

"हिस्टॉरिक म्हणून लिहिलें काय? अय्यो! मी अजून दोन वेळ कॉफी पितें की गं."

मग तुम्ही मला विचारलंत, मी कुठली. मी म्हटलं, मिरजेची, नवऱ्याची नोकरी ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात, म्हणून चेन्नईत. तुम्ही भाचीला आत हाक मारून सांगितलंत, "देशावरली आहे, मराठी येतें तिला!" जसं काही मीच परकी होते आणि मराठी तुमची. तुमचं ते 'कोठें' आणि 'मज' ऐकताना मला वाटायचं, कोणीतरी जुनी पेटी उघडून त्यातलं लुगडं रोज नेसतंय. आणि मध्येच तमिळमधलं 'सरि, सरि', म्हणजे बरं बरं, नाहीतर 'पोदुम्', म्हणजे पुरे. त्या दिवशी तुम्ही मला तुमच्याकडची आमटी वाढलीत. मी तिला सांबार म्हटलं, तर वाटी परत ओढून घ्यायला निघालात.

आपलं पहिलं भांडण नकाशावरून झालं. माझ्या पहिल्या आराखड्यात तुमची भिंत प्रवेशदालनात होती. समोर काच, वरून मंद दिवे, लोकांनी आत येताना थांबून बघावं अशी. मी कागद तुमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. तुम्ही चष्मा लावलात आणि बोट फिरवत विचारलंत, "मुली कोठें नाचतात?"

"इकडे, मुख्य सभागृहात."

"आणि माझी भिंत?"

"इथे. येता-जाता सगळ्यांना दिसेल."

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "चुम्मा, उगीच बघावयास नाही काढलें मी तें. मुलींच्या पाठीशी काढलें. त्या पुढें नाचतील, मागें समुद्र असेल. आतां समुद्र एकीकडे आणि मुली एकीकडे?"

मी तुम्हाला घाम, धूळ, हातांचे डाग सगळं समजावलं. रंगवलेल्या टणक भिंतीवर आवाज आपटून घुमतो, हेही सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "इतकीं वर्षें मुलींच्या घामानें काहीं झालें नाही त्यास. तुझ्या काचेनें होईल." मी रागावून घरी गेले. नवऱ्याला म्हटलं, ह्या बाईंना इमारतीतलं काय कळतं. आणि आठवड्याभरानं सगळा आराखडा फिरवला. भिंतीभोवतीच एक छोटं नाट्यगृह बांधलं, तिच्यापुढे रंगमंच ठेवला, आणि एक बाजू घडीच्या दारांनी उघडी करता येईल अशी केली, म्हणजे बाहेरच्या पर्जन्यवृक्षाची सावली आणि वारा आत येतो. घुमणाऱ्या आवाजाचा बंदोबस्त छताला केला. आज येणारा प्रत्येकजण त्याच जागेत थांबतो. कोणी कौतुक केलं की मी तुमचं नाव सांगत नव्हते असं नाही. सांगत होते. पण 'त्यांच्याशी चर्चा करून ठरवलं' असं सांगत होते. चर्चा कसली! तुम्ही सांगितलंत आणि मी केलं. हे तुमच्यासमोर एकदाही कबूल केलं नाही.

दुसरं भांडण मात्र मी जिंकले. तेच मला आता गिळता येत नाही.

भिंत साफ करायला परांची बांधली होती. जुनी चित्रं जतन करणाऱ्या एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या, कापसाच्या बोळ्यांनी काजळी पुसण्याचं काम चाललं होतं. तुम्ही बघायला आलात आणि खुर्चीवर बसून राहिलात. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तुम्ही मला शेजारी बसवून म्हणालात, "मधली आहे नव्हे, तिचा चेहरा मज बदलावयाचा आहे."

मला वाटलं, गंमत करताय.

मग तुम्ही सेल्वीबद्दल सांगितलंत. कॉलेजात चित्रकला शिकवायला नव्यानं लागलेल्या तुम्ही, रविवारी बसनं एन्नोरला जाऊन रेखाटनं करायचात. तिथं मासे विकणारी सेल्वी भेटली. तुमच्याच वयाची, काळीभोर, रागीट डोळ्यांची, कोणाला न भिणारी. उन्हात बसलात म्हणून तिनं तुम्हाला आपल्या झोपडीच्या सावलीत ओढून नेलं. तुम्ही शाकाहारी, म्हणून तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात पेज ठेवायची. चित्राच्या मधोमध तुम्ही तिलाच उभं केलंत. आणि उद्घाटनाच्या आधी तेव्हाच्या प्राचार्यबाई येऊन म्हणाल्या, एवढी काळी, एवढी उग्र बाई कशाला? पाहुणे येणार आहेत, जरा प्रसन्न चेहरा काढा. तुमची नोकरी कायम झालेली नव्हती, घरी धाकटी भावंडं होती. तुम्ही स्वतःच्या हातानं सेल्वीचा चेहरा खरवडून काढलात आणि तिथं हा हसरा गोल चेहरा रंगवलात. सगळ्यांना आवडला. त्यानंतर तुम्ही एन्नोरला पाऊल ठेवलं नाहीत.

"कशा तोंडानें जाऊं?" तुम्ही म्हणालात. "ती बघावयास आली तर काय सांगूं?"

तुम्हाला फक्त परांची हवी होती आणि थोडे दिवस. रंग तुम्ही आणणार होतात. "तो चेहरा मज अजून पाठ आहे," म्हणालात.

त्या तज्ज्ञ बाई जेवून आल्यावर मी त्यांना विचारलं. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, नियमानं आपण काही बदलत नाही, पण चित्रकार स्वतः हयात आहे अशी वेळ क्वचित येते. आत्ताच्या चेहऱ्याची नीट छायाचित्रं घेऊन ठेवू आणि कॉलेजची संमती घेऊ. तुम्ही आणि कॉलेज ठरवा.

अक्का, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला मी येऊन सांगितलं की नियमात बसत नाही. तज्ज्ञ नको म्हणतात. ऐतिहासिक चित्राला आता कोणीच हात लावू शकत नाही, काढणाऱ्यानंसुद्धा नाही.

कॉलेजला तर मी विचारलंच नाही. का नाही विचारलं? तोपर्यंत तो हसरा चेहरा इमारतीचं बोधचिन्ह झाला होता. फाटकावर, पत्रिकांवर, सगळीकडे तो होता. जुन्या विद्यार्थिनी त्याला 'आपली हसरी' म्हणायच्या. पण हेही पूर्ण खरं नाही. पूर्ण खरं हे की तुम्ही कॉफीचा पेला उचलताना तुमचा हात थरथरायचा आणि मी तो बघितला होता. मला तुमच्या हाताचा भरवसा वाटला नाही. माझ्या इमारतीच्या मधोमध एका म्हातारीच्या थरथरत्या हातानं काढलेला चेहरा मला नको होता. हे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी नियमाआड लपले. तुम्ही हयात असताना तुम्हाला इतिहासात जमा करून टाकलं.

तुम्ही भांडलात. एकदा नव्हे, बऱ्याचदा. "माझें चित्र आहे कीं नाही?" तुम्ही फोनवर विचारलंत. मी म्हटलं, "अक्का, आता ते सगळ्यांचं आहे." हे वाक्य मला तेव्हा फार छान वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "सरि. सगळ्यांचें. फक्त सेल्वीचें नाही."

उद्घाटनाला तुम्ही पहिल्या रांगेत बसलात, हिरवं रेशमी नेसून. शाल दिली, टाळ्या वाजल्या. तुम्ही बोलायला उठलात आणि एवढंच म्हणालात की मुलींनी चांगलं नाचावं. मुली नाचल्या. खरंच त्यांच्या मागे समुद्र होता. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही सगळा वेळ मुलींच्या पायांकडे बघत होतात, वर भिंतीकडे नजर उचलली नाहीत.

परत जाताना गाडीत तुम्ही सांगितलंत की सेल्वी वारली, पण तिची मुलगी मल्लिका एन्नोरलाच आहे. तुमच्या एका विद्यार्थिनीनं शोधून दिली. तुम्ही तिला फोन करून बोलावलं होतं.

"आली नाही," तुम्ही म्हणालात. "बरें झालें. आई कोठें म्हणून विचारली असती."

घरी गेल्यावर मला झोप लागली नाही, असं लिहिणार होते. पण लागली झोप. दमले होते, खूश होते, मासिकवाले फोटो काढायला येणार होते. अपराधी वाटायला मला बरेच महिने लागले. एकदा तिथं एक तालीम बघत बसले होते. नाचणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून तो चेहरा दिसत होता, आणि पहिल्यांदाच मला तो खोटा दिसला. भिंतीवरच्या सगळ्या बायका वाऱ्याकडे तोंड करून डोळे बारीक करताहेत, आणि ही मधली एकटीच फोटोला उभी राहिल्यासारखी हसते आहे. इतक्या वेळा ती भिंत मोजली, जपली, तिच्यावर उजेड सोडला, आणि हे मला दिसलं नव्हतं.

तशीच उठून मी आताच्या प्राचार्यबाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, सेल्वी, खरवडणं, तुमची मागणी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग करू दे ना त्यांना. चित्र त्यांचं आहे, आपण कोण?" बस. एवढंच. चहाचा कप संपायच्या आत परवानगी मिळाली. वर त्या म्हणाल्या, "तुम्ही आधीच का नाही विचारलंत?"

मी धावत अण्णा नगरला आले. तुमच्या भाचीनं, ललितानं, दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं की तुम्हाला पंधरवड्यापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. मला कळवायला तिला सुचलं नव्हतं, आणि मी तरी कधी चौकशी केली होती? तुम्ही पलंगावर टेकून बसला होतात. मी तुमच्या पायाशी बसून एका दमात सांगितलं, अक्का, परवानगी मिळाली, परांची लावून देते, तुम्ही म्हणाल तेव्हा.

तुम्ही उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवलात, आणि माझ्याकडे बघितलंत.

"आतां?" म्हणालात.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही डाव्या हातानं माझं डोकं थोपटलंत, म्हणालात, "पोदुम्, रडूं नको, वेडी." जरा वेळानं तुटक शब्दांत सांगितलंत, "मल्लिकेस जाऊन सांग. खरें सांग. तिच्या आईस मीच पुसलें म्हणून." मी हो म्हटलं. मग कामात अडकले. एन्नोर काही लांब नाही. पण मी गेले नाही. तुम्ही बऱ्या व्हाल, आपण दोघी मिळून जाऊ, असं स्वतःला सांगत राहिले.

आणि ललिताचा फोन आला.

तुम्ही हॉलमध्ये काचेच्या पेटीत निजला होतात, कपाळाला विभूती लावलेली. माणसं येत होती, हार घालत होती. कॉलेजकडून मोठं पुष्पचक्र आलं. ते पेटीवर ठेवलं आणि मला दिसलं, मधोमध बोधचिन्हाचं कार्ड लावलेलं होतं. तोच हसरा चेहरा, नेमका तुमच्या छातीवर. मी पुढे झाले आणि ते कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. लोक बघत राहिले. ललितानं डोळ्यांनी विचारलं, काय झालं? मी पर्स बंद केली. जिवंतपणी तुमच्यासाठी जे करायचं होतं ते केलं नाही, आणि मेल्यावर एक कार्ड काढलं.

सभेनंतर काय, तेही ठरलेलं नाही. प्राचार्यबाई विचारत होत्या, आताच्या चित्रकलेच्या शिक्षिकेकडून सेल्वीचा चेहरा काढून घेऊ का? मी नको म्हटलं. सेल्वीला पाहिलेलं आता कोण आहे? पण हे बोलताना पुन्हा एकदा मीच ठरवतेय, असं वाटलं. तुम्ही काय म्हणाला असतात? दुसऱ्याच्या हातानं चाललं असतं तुम्हाला? हे विचारायचं राहिलं.

परवा मी एन्नोरला गेले. मल्लिकाचं इडलीचं छोटं दुकान आहे स्टेशनजवळ. पन्नाशीपुढची असेल, काळी, उंच, कमी बोलणारी. माझी तमिळ तुम्हाला ठाऊकच आहे. मी अडखळत सांगितलं, यमुना टीचर गेल्या. तिनं हात पुसले, मला बाकावर बसवलं, पुढ्यात पाणी ठेवलं.

"अम्मा नेहमी सांगायची," ती म्हणाली. "टीचरनं मला कॉलेजच्या भिंतीवर काढलंय. बघायला कधी गेली नाही. म्हणायची, आपल्याला आत कोण सोडणार. त्या दिवशी टीचरनी मला बोलावलं होतं, पण माझीही तीच गत. एवढी मोठमोठी माणसं, मी काय जाणार."

म्हणजे सेल्वी तर शेवटपर्यंत त्या भिंतीवरच होती, अक्का. तुम्ही इतकी वर्षं तिला भीत राहिलात, आणि ती इकडे तुमचं नाव अभिमानानं घेत होती.

आता हिला खरं सांगायचं होतं. मी फोनवर चित्राचा फोटो उघडला आणि म्हटलं, "मल्लिकाम्मा, एक सांगायचंय. हा चेहरा..."

तिनं फोन माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ आणला. "चेहरा अम्माचा नाही," ती लगेच म्हणाली. मी सांगायच्या आतच. मग बोटांनी चित्र मोठं केलं, खाली सरकवलं, आणि थांबली. "पण उभी अम्मा आहे. एका पायावर सगळा भार टाकून, दुसरी टाच उचलून. लहानपणी पायात काटा मोडून बसला होता तिच्या, तेव्हापासून अशीच उभी राहायची. आणि हे बघा, टोपली धरलेला हात, कोपर असं बाहेर. वाटेत कोणी आलं की त्याच कोपरानं ढकलायची." ती हसली आणि डोळ्याला पदर लावला. "ही अम्माच. चेहऱ्याचं काय, टीचरनी काढलेला कोणीतरी बिघडवला असेल."

मी तिला सांगितलं, अक्का. तुम्ही सांगितलं होतं तसंच. की तुम्हीच पुसलात, कोणाच्या सांगण्यावरून, आणि तो परत काढायला तुम्हाला मी आडवी आले. मल्लिकानं सगळं ऐकलं. गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला इडल्या बांधून दिल्या. परत येऊन म्हणाली, "टीचर एवढ्यासाठी आल्या नाहीत इकडे? यायचं होतं की. अम्मानं दोन शिव्या देऊन जेवायला बसवलं असतं."

ह्या दोन वाक्यांसाठी तुम्ही जन्मभर थांबला होतात. ती ऐकायला तुम्ही हव्या होतात. तुम्ही सांग म्हणालात त्याच दिवशी मी हिला गाडीत घालून तुमच्या पलंगापाशी आणली असती, तर तुम्ही ती ऐकली असती. परांची नको, रंग नको, कोणाची परवानगी नको. फक्त मी एन्नोरला जायला हवं होतं.

मल्लिकानं दुकान शेजारणीवर सोपवलं, साडी बदलली, केसांत मोगरा माळला आणि माझ्याबरोबर निघाली. कॉलेजच्या फाटकाशी मी गाडी लावेपर्यंत ती पुढे चालत गेली होती. नव्या पहारेकऱ्यानं तिला अडवलं. मी लांबून घाईनं येत होते, सांगणार होते की माझ्याबरोबर आहेत, सोडा.

"कोणाला भेटायचंय?" त्यानं विचारलं.

"अम्माला," मल्लिका म्हणाली. "आत आहे ती."

तो बाजूला झाला. ती आत गेली, अक्का, आणि मी तिच्या मागून.